सुताची भिंत: पहिलंच वॉल हँगिंग विणणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या कुठल्याही घरात कपाट उघडा, दोन तरी चादरी निघतात. टॉवेलांची थप्पी निघते. पाहुणा परगावचा असेल तर जाताना त्याच्या हातात चादरच पडते. आणि त्याच घराच्या हॉलमधली मोठी भिंत बघा. कुठल्या तरी परदेशी धबधब्याचं प्लास्टिकचं पोस्टर, नाहीतर ऑनलाइन मागवलेली फुलपाखरं, त्यातली दोन गळून पडलेली. आमच्याही घरी तीन वर्षं तेच होतं. गाव विणतं आणि भिंती छापील.

आपल्याकडे हातमागावर वॉल हँगिंग विणणारे कारागीर आहेत, माणसाचा हुबेहूब चेहरा सुतात उतरवणारे. तसलं काही मी सांगणार नाही. त्याला जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी उचलणारं यंत्र लागतं, मुख्य म्हणजे आयुष्य लागतं. पण लाकडाची एक चौकट, मूठभर चुका (म्हणजे बारीक खिळे) आणि अर्धा किलो सूत एवढ्यावर दोन फुटी पट्टी कुणालाही विणता येते. आधी शिवण-टिपण येत नसेल तरी चालतं. मला बटणसुद्धा नीट लावता येत नव्हतं.

आधी भिंत, मग सूत

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. वस्तू आधी करायची आणि मग ती लावायला जागा शोधत फिरायचं. मग दहा फुटांच्या भिंतीवर वीतभर काहीतरी लटकतं, आणि ते सजावटीपेक्षा विसरून राहिलेल्या टॉवेलसारखं दिसतं.

जुनी वर्तमानपत्रं घ्या. जेवढं मोठं करावं असं वाटतंय तेवढा कागद चिकटवून कापा आणि भिंतीवर टेपनं लावा. दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता, सकाळी, ट्यूबलाइटमध्ये, जमिनीवर बसून जेवताना बघा. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळतं की कागद लहान पडलाय. सोफ्याच्या किंवा दिवाणाच्या वर लावायचं असेल तर सोफ्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश जागा भरलेली बरी दिसते. पहिलीच पट्टी एवढी रुंद करायची गरज नाही, दोन-तीन पट्ट्या शेजारी लावूनही ती भरता येते. सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर खालची कड आली पाहिजे. मोकळ्या भिंतीवर पट्टीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला येतो. आपल्याकडे सगळं छताजवळ टांगायची सवय आहे, देवाच्या आणि पूर्वजांच्या तसबिरींमुळे असेल. सजावटीला ते करू नका.

उन्हाचाही विचार आत्ताच करा. मार्च ते मे सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं, आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप ज्या भिंतीवर पडते तिथे लाल, जांभळे रंग दोन उन्हाळ्यांत फिके होतात. तीच जागा हवी असेल तर कोरं, राखाडी किंवा मातकट सूत वापरा. फिकं व्हायला त्यात फारसं काही नसतंच.

सूत कुठलं आणि किती

सुताच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "कितीचा काउंट?" इथे गडबडायचं नाही. नंबर वाढेल तसं सूत बारीक होतं, एवढं लक्षात ठेवा. दहाचं जाड, चाळीसचं बारीक. हा हिशेब जुना, इंग्रजांच्या वेळचा आहे: एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतात तो त्याचा नंबर. आपल्याला जाड हवं, म्हणून दहाच्या आसपासचं मागा. बारीकच मिळालं तर आठ-दहा पदर एकत्र घेऊन वापरा. उलट दोन-तीन जवळजवळच्या छटांचे पदर एकत्र घेतले की जो रंग येतो तो विकत मिळत नाही.

सूत किलोवर मिळतं. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या बाजूला कुणी ओळखीचं यंत्रमागवालं असेल तर बॉबिनवर उरलेलं सूत आणि चादरी-टॉवेलांच्या कडेची चिंधी विचारा. बऱ्याचदा ती पोत्यानं पडलेली असते. ओळख नसेल तर शिंप्याकडे जा. ब्लाउजच्या आणि कुर्त्यांच्या कापडाची कात्रणं तो हसत देतो, जागा मोकळी होते त्याची. चाटी गल्लीत कापडाच्या शेवटच्या तुकड्यांवरही नजर ठेवा.

दीड फूट बाय दोन फूट पट्टीला अर्धा किलो माल पुरून उरतो. त्यात तीन गोष्टी असू द्या: ताण्यासाठी न ताणणारा, मजबूत सुती दोरा, बाण्यासाठी जाड सूत, आणि चिंधीच्या पट्ट्या. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. ताण्याचा दोरा निवडताना दोन्ही हातांत धरून जोरात झटका द्या. तुटला तर तो नको. लोकर ताण्याला घेऊ नका, ती ताणते आणि महिन्याभरात पट्टी पोटातून लोंबते.

चिंधी कापताना रुंदी दीड ते दोन सेंटिमीटर ठेवा. जुना टी-शर्ट असेल तर त्याची पट्टी ओढली की आपोआप गुंडाळून दोरीसारखी होते, नवशिक्यांसाठी तेच सर्वांत सोपं. रंगीत कापड आधी तपासा. ओल्या पांढऱ्या रुमालात घट्ट चोळून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दोन-तीनदा धुवा आणि तरीही लागत राहिला तर बाजूला काढा. मी एकदा नवी मरून चिंधी न धुता वापरली आणि नंतर पट्टीला वाफेची इस्त्री केली. शेजारच्या कोऱ्या सुतावर गुलाबी ढग उमटले. येणारे-जाणारे ती नक्षी समजतात, मी काही बोलत नाही.

चौकट

साधं पाइनचं किंवा पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड चालतं. चार पट्ट्या, साधारण दीड इंच रुंद आणि एक इंच जाड. बाहेरून चौकट ५० बाय ७० सेंटिमीटर ठेवा. सुताराकडून कोपरे स्क्रूनं घट्ट करून घ्या, वर एल-पट्टी मारली तर उत्तम. चौकट हलवून बघा. कोपऱ्यातून जराही डुलली तर ताणा भरल्यावर ती समांतरभुज होते आणि मग पट्टीही. तुमच्याकडे जुनी भक्कम फोटोफ्रेम असेल, काच आणि मागचा पुठ्ठा काढलेली, तर तीही चालेल. फक्त पातळ, पोकळ फ्रेम नको.

आता चुका. पाऊण इंची बारीक चुका घ्या. वरच्या लाकडावर पेन्सिलनं दर एक सेंटिमीटरवर खूण करा, एकूण ४० खुणा. खालच्या लाकडावर बरोबर त्यांच्या समोर ४० खुणा. सगळ्या चुका एकाच रेषेत ठोकल्या तर लाकूड चिरतं, म्हणून एक थोडी वर, एक थोडी खाली अशी नागमोडी ठोका. चूक किंचित बाहेरच्या बाजूला कललेली असू द्या, नाहीतर ताण्याचा दोरा निसटतो. लहान चूक बोटांत धरून ठोकताना बोटावर हातोडी बसतेच. कंगव्याच्या दातांत चूक अडकवा, कंगवा धरा आणि ठोका.

ताणा भरणं

हे काम शांतपणे, एका बैठकीत करा. खालच्या पहिल्या चुकेला दोरा गाठ मारून बांधा. वर पहिल्या चुकेकडे न्या, तिच्या आणि दुसऱ्या चुकेच्या वरून वळसा घाला आणि खाली दुसऱ्या चुकेकडे या. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चुकेखालून वळसा घालून पुन्हा वर तिसरीकडे. असं करत चाळीसपर्यंत. चाळीसावा धागा खाली येऊन संपतो, तिथे गाठ.

वर जे वळसे पडले ते दोन-दोन धाग्यांचे वीस फास आहेत, हे बघून ठेवा. शेवटी हेच फास काठीत ओवायचे आहेत, म्हणून संख्या सम ठेवली. वर गाठी मारायची कटकट वाचते.

ताण किती? बोटानं छेडलं तर टण्ण वाजू नये, पण ढिलाही राहू नये. दोरा दाबल्यावर अर्धा इंच आत जाऊन परत आला की बरोबर. सगळे धागे सारख्या ताणात हवेत. भरून झाल्यावर पहिल्या धाग्यापासून हात फिरवत जा. ढिला लागला की त्यातला ढील पुढच्या धाग्यांवरून ढकलत शेवटच्या चुकेपर्यंत न्या आणि तिथली गाठ सोडून पुन्हा आवळा.

माझी पहिली चौकट मी गच्चीवर घेऊन बसले होते. आमच्या खाली राहणारे अण्णा वर आले. आयुष्यभर मागावर बसलेले, आता गुडघ्यांमुळे बंद. चौकटीकडे बघून म्हणाले, "मग्गम घेतलीस काय गं?" घरात ते तेलुगू बोलतात, मागाला मग्गमच म्हणतात. मग त्यांनी एकच धागा बोटानं दाबला आणि सगळा ताणा सोडायला लावला. मधले दहा धागे ढिले होते. मला ते दिसतही नव्हते.

पहिल्या दहा ओळी

खालच्या चुकांपासून दहा-बारा सेंटिमीटर जागा सोडा, तिथे नंतर दशा येतील. तेवढ्याच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी ताण्यात वर-खाली अशी ओवून ठेवा, म्हणजे विणकामाला टेकायला पाया मिळतो. वरच्या बाजूलाही चार-पाच सेंटिमीटर मोकळे सोडायचे आहेत.

ताण्याचाच दोरा घेऊन चार ओळी विणा. एका धाग्यावरून, दुसऱ्याखालून. परत येताना उलट. हा झाला काठ, यानं सगळे धागे जागेवर बसतात. ओवायला पोत्याची सुई म्हणजे दाभण घ्या, किंवा पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन्ही टोकांना खाच पाडून तिच्यावर सूत गुंडाळा, तो तुमचा धोटा. प्रत्येक ओळीनंतर फणीनं खाली ठोकायचं. फणी नसेल तर जेवणाचा काटा-चमचा घ्या.

हात चालवायचा कंटाळा येईल. एक लाकडी फूटपट्टी ताण्यात एक-वर-एक-खाली अशी कायमची ओवून ठेवा. ती उभी केली की धाग्यांमध्ये बोगदा उघडतो आणि धोटा सरळ आरपार जातो. ती आडवी करून वर सरकवली की परतीची ओळ मात्र हातानं ओवावी लागते. म्हणजे निम्मं काम वाचतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आडवा धागा कधीही ताणून सरळ ओढायचा नाही. तो डोंगरासारखा टाका: कडेपासून वर चढत मध्यभागी उंच, मग दुसऱ्या कडेला उतरता. आधी मध्ये दाबा, मग दोन्ही बाजूंना ठोका. डोंगरातला जादा धागा वर-खाली वळण घेण्यात खर्च होतो आणि कडा आत ओढल्या जात नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझी पहिली पट्टी डमरूसारखी झाली, वर-खाली रुंद आणि कमरेत बारीक. अण्णा ते बघून म्हणाले होते, "गळा दाबायलीस की गं धाग्याचा." दर पाच सेंटिमीटरला फूटपट्टीनं रुंदी मोजा. एकोणचाळीसच्या जागी अडतीस दिसली की लगेच चार ओळी उसवा. पुढे जाऊन ती सुधारत नाही, वाढतच जाते.

धागा संपला तर गाठ मारू नका. नवा धागा जुन्यावर चार-पाच सेंटिमीटर चढवून दोन्ही बरोबर विणा. टोक मागच्या बाजूला सोडा. कडेला धागा कधीही संपवू नका, तिथे जोड दिसतो.

नक्षी: आडव्या पट्ट्यांपासून सुरुवात

साध्या आडव्या पट्ट्या, जाड-बारीक, तीन रंग. पहिल्या पट्टीला एवढंच करा. मी हे ऐकलं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत सुरुवात केली होती, डोक्यात ते सात नंदीध्वज होते, संक्रांतीच्या आसपास मिरवणुकीत उंच डुलत जाणारे. म्हटलं, सात उभ्या रेषा विणू, सोप्या तर आहेत. दिसायला सोप्या, विणायला नाहीत. उभ्या रेषेत दोन रंग शेजारी येतात, प्रत्येक रंग आपल्या कडेवरून मागे फिरतो आणि मधे फट राहते. वीस ओळींनंतर माझ्या नंदीध्वजांच्या दोन्ही बाजूंनी भिंत दिसायला लागली.

त्याचा उपाय नंतर समजला. दोन रंग जिथे भेटतात तिथे फिरण्याआधी एका धाग्यानं दुसऱ्याला आकडा घालायचा. प्रत्येक ओळीला, न विसरता. काम हळू होतं पण फट बंद होते. फट मुद्दाम ठेवायची असेल तर तीही सुंदर दिसते, फक्त दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब नको. तिरकी रेषा मात्र सोपी: दर दोन ओळींनी रंगाची हद्द एका धाग्यानं सरकवा, की फट पडतच नाही. म्हणून त्रिकोण आणि पायऱ्या-पायऱ्यांची शंकरपाळी नक्षी सगळ्या जगाच्या विणकामात दिसते. ती सुताच्या सोयीची आहे.

पट्ट्या जमल्या की दोन गोष्टींनी पोत आणा.

एक, वेणी. जाड सूत चार ताण्यांवरून पुढे न्या, दोनाखालून मागे आणा, पुन्हा चारवरून पुढे. ओळभर केलं की अंगावर आलेली तिरकी वेल दिसते. पुढची ओळ उलट दिशेनं केली तर दोन्ही मिळून वेणी होते. त्याच्या वर-खाली दोन साध्या ओळी द्या, नाहीतर ती घसरते.

दुसरी, झुपके. वीस सेंटिमीटरचे तीन-चार पदर एकत्र घ्या, दोन ताण्यांवर आडवे ठेवा, दोन्ही टोकं बाहेरून मागे न्या आणि त्या दोन धाग्यांच्या मधून पुढे काढा. ओढून खाली सरकवा. एक ओळ झुपके, मग तीन ओळी साधी वीण. झुपके वर करून पुढच्या ओळी विणायच्या असतात, ते मधे येतात, चिडचिड होते. रबरबँडनं बांधून ठेवा. सगळं झाल्यावर कात्रीनं सारखे कापा, थोडेच. एकदा कापलं की परत येत नाही. हे सांगायची गरज नसते, तरी प्रत्येकजण पहिल्यांदा जास्तच कापतो.

रंगांबद्दल माझं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. एका पट्टीत तीनपेक्षा जास्त रंग घेऊ नका, त्यातला एक कोराच हवा. चमकी धागा एकदम नको. घरात आधीच उशा, पडदे आणि कॅलेंडर यांची भांडणं चालू असतात.

उतरवणं

वर चार सेंटिमीटर राहिले की पुन्हा ताण्याच्या दोऱ्यानं चार ओळी काठ विणा. मागे सोडलेली सगळी टोकं दाभणानं उभ्या विणीत तीन-चार सेंटिमीटर लपवा आणि उरलेलं कापा.

खालचे वळसे कापून दोन-दोन धाग्यांची गाठ मारा, गाठ काठाला अगदी टेकवून. आधी मधल्या चार-पाच, मग कडेच्या, म्हणजे काठ वाकडा होत नाही. खाली लोंबणाऱ्या दशा हव्या तेवढ्या ठेवा. आता वरचे वीस फास चुकांवरून एकेक उतरवत काठीत ओवा. बुरुडाकडून आणलेली वेळूची काठी सगळ्यांत हलकी. दोन्ही टोकं घासून घ्या, तुसं बोटात जातात. जुन्या मागाचा लाकडी धोटा मिळाला तर मात्र वेळू विसरा. फास धोट्यात जात नाहीत, तो रुंद असतो. पट्टी बारीक काठीत ओवायची आणि काठी दोन दोऱ्यांनी धोट्याला टांगायची. धोट्याच्या धातूच्या टोकांवर कित्येक वर्षांचं घासणं असतं, ते पॉलिश करून घालवू नका.

ओला पंचा वर ठेवून मागून इस्त्री करा आणि रात्रभर सपाट पडू द्या.

टांगताना

सिमेंट प्लास्टरच्या भिंतीला सहा मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकचा रावळप्लग आणि स्क्रू. साधा खिळा ठोकत बसलात तर रुपयाएवढा गिलावा सुटतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल करू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. पेठांमधल्या जुन्या घरात राहत असाल तर दगड-चुन्याच्या भिंतीला ड्रिल लावूच नका, चुना भुसभुशीत असतो. तिथे खुंटी असतेच. नाहीतरी तिच्यावर छत्री आणि पिशवीच लोंबत असते.

भाड्याचं घर असेल तर चिकट हुक. पण त्याच्या पाकिटावर लिहिलेलं वजन वाचा आणि आपली पट्टी काठीसकट काट्यावर ठेवून बघा. डिस्टेंपरच्या आणि चुन्याच्या भिंतीवर हुक टिकत नाही, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो. आमच्या आधीच्या घरमालकांना ते खिळ्यापेक्षाही वाईट वाटलं.

पट्टीच्या मागे काठीच्या दोन टोकांना बाटलीचं बूच नाहीतर जाड फेल्टचा तुकडा चिकटवा. भिंतीपासून बोटभर अंतर राहतं, पावसाळ्यात ओल सुताला लागत नाही आणि पाल मागे घर करत नाही. करते, पण कमी.

विणायला वेळ नसेल तर

जुनी चादर ताणून लावणं हे एका संध्याकाळचं काम. कडेला फाटलेली किंवा एका बाजूनं विटलेली चादर प्रत्येक घरात असते, आणि तिच्या मधला मोर किंवा जाळी अजून शाबूत असते. बऱ्याच चादरींची उलटी बाजूही बघण्यासारखी असते: तीच नक्षी, रंग उलटे. मला बरेचदा तीच जास्त आवडते. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या लाकडी चौकटीला ७० बाय १०० चा तुकडा कापा, म्हणजे चहूबाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर वळवायला मिळतात. आधी धुऊन इस्त्री करा. नक्षीची रेषा चौकटीच्या कडेला समांतर आहे ना ते बघा आणि स्टेपल गननं आधी चारही बाजूंच्या बरोबर मध्ये एकेक पिन मारा. मग मधून कोपऱ्यांकडे, समोरासमोर. एका बाजूनं सुरू करून फिरत गेलात तर चौथ्या बाजूला सुरकुत्या जमतात. कोपरे बेडशीटसारखे दुमडा. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर कापताना हात थरथरत असेल तर फाटकीच घ्या, नव्या चादरीला कात्री लावलेली घरात कुणालाच आवडत नाही.

आजीच्या इरकलीचा टोपपदर असेल तर मात्र स्टेपल नाही, फेव्हिकॉल तर मुळीच नाही. जुनं रेशीम घडीवर फाटतं. धुतलेल्या सुती कापडावर तो पसरा, कडेनं बारीक टाक्यांनी टाचा आणि ते सुती कापड चौकटीवर ताणा. ओढ सगळी सुतावर पडते, रेशमावर नाही. काच लावायची तर पदराला न टेकता, आणि ऊन येणारी भिंत अजिबात नको.

आणि एक वस्तू, जी सोलापुरातच सहज भंगारात दिसू शकते: जॅकार्डचे पुठ्ठे. भोकं पाडलेल्या या पट्ट्या एकमेकींना दोरीनं शिवून लांब माळ केलेली असते. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास ही पद्धत आणली. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. जिथे भोक, तिथली सुई आत जाते आणि तो ताणा उचलला जातो. जिथे भोक नाही तिथला खालीच राहतो. म्हणजे चादरीवरचा मोर खरा तर या भोकांत लिहिलेला असतो. आता बरेच माग संगणकावर चालतात आणि पुठ्ठ्यांच्या माळा पोत्यात पडतात. वीस-पंचवीस पुठ्ठ्यांची माळ मिळाली तर ती साफ करा, पाण्यानं नाही, कोरड्या ब्रशनं. शिवणीची दोरी कुजली असेल तर त्याच भोकांतून नवी ओवा. मग वर एक काठी, खाली एक काठी, आणि भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटर पुढे टांगा. मागे पिवळ्या उजेडाची एलईडी पट्टी लावली की रात्री भिंतीवर ठिपके पडतात. आमच्याकडे येणारी मुलं ती ब्रेल समजतात. अण्णांनी मात्र माळ खालून वर बोट फिरवत बघितली, मधेच थांबले आणि म्हणाले, "इथं एक पुठ्ठा उलटा लागलाय." तो आम्ही तसाच ठेवला आहे.

नंतरची देखभाल

दर पंधरा दिवसांनी हलक्या हातानं झटका, व्हॅक्युम असेल तर नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून. गच्चीवर नेऊन काठीनं बडवायची गोधडी नव्हे ही. झुपक्यांची टोकं गुंतली तर बोटानं सोडवा, कंगवा नको. धुवायची वेळ वर्षातून एकदा येते, तीही दिवाळीच्या साफसफाईत: काठी काढा, गार पाण्यात थोडी साबणाची पूड, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. दोरीवर वाळत घातली तर ओल्या सुताच्या वजनानं खालून लांबते, आणि मग भिंतीवर परत लावताना कागदाचं ते जुनं माप जुळत नाही.